निफाडचे रानडे : कचेरीबाहेरच्या वेळेतील आकड्यांचे काम

निफाड तालुक्याचे नाव वृत्तपत्रांत बहुधा आकड्यांसह येते. लासलगावच्या बाजार समितीतील कांद्याचा क्विंटलमागचा भाव, निर्यातीसाठी निघणाऱ्या द्राक्षांचे कंटेनर आणि हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदवले जाणारे किमान तापमान, हे त्यातील ठरलेले विषय. याच निफाड गावी १८ जानेवारी १८४२ रोजी जन्मलेल्या एका माणसाने पुढे सरकारी आकड्यांकडे पाहण्याची नवी दृष्टी महाराष्ट्राला दिली. ते म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. समाजसुधारक, प्रार्थना समाजाचे नेते आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून ते सर्वपरिचित आहेत. मात्र त्यांचे अर्थशास्त्रीय आणि ऐतिहासिक लेखन नोकरीचे तास सोडून उरलेल्या वेळात झाले, याकडे फारसे लक्ष जात नाही.

'घरून काम' हा शब्दप्रयोग २०२० च्या टाळेबंदीनंतर मराठीत रुळला. रानडे यांची नोकरी अर्थातच घरून होणारी नव्हती. दिवसा न्यायालय आणि सकाळ-संध्याकाळ घरी अहवाल, तक्ते, पत्रे, बखरी व टिपणे, असा त्यांचा क्रम जवळपास तीस वर्षे चालला. या कामाचे वेतन मिळत नव्हते. उलट त्यापायी सरकारचा संशय ओढवला. तरीही ते थांबले नाही. ते कसे चालले, त्यात कोणाचा हातभार होता आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे आजच्या वाचकानेही समजून घेण्याजोगे आहे.

निफाड ते पुणे

रानडे यांचा जन्म झाला तेव्हा नाशिक हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १८६९ मध्ये अस्तित्वात आला. वडील गोविंदराव कारकुनी पेशातील. पुढे ते कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत गेल्याने महादेवरावांचे बालपण कोल्हापुरात गेले. १८५६ च्या सुमारास ते शिक्षणासाठी मुंबईला एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मधील. त्याच्या पहिल्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे १८५९ मध्ये, ते उत्तीर्ण झाले आणि १८६२ मध्ये पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत त्यांचे नाव लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्याच तुकडीतील सहाध्यायी. १८६६ मध्ये रानडे यांनी कायद्याची पदवी मिळवली. शिक्षण खात्यात मराठी भाषांतरकार, अक्कलकोट संस्थानात कारभारी, एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापक अशा नोकऱ्या करून १८७१ मध्ये ते पुण्यात दुय्यम न्यायाधीश म्हणून रुजू झाले.

विद्यार्थिदशेतील अतिवाचनाने त्यांचे डोळे बिघडले होते. ही तक्रार जन्मभर पाठीशी राहिली. ज्या माणसाचे काम बारीक छापाचे अहवाल वाचण्याचे, त्याची दृष्टीच अधू. त्यामुळे वाचून दाखवणारा आणि सांगितलेले लिहून घेणारा माणूस जवळ असणे ही त्यांची नित्याची गरज बनली. रानडे यांच्या घरच्या कामाचे स्वरूप या गरजेतून घडले. ते काम एकट्याने, दार लावून करण्याचे नव्हते.

रमाबाईंचे वाचन

या घरातील दिनक्रमाची सर्वांत विश्वसनीय साक्ष रमाबाई रानडे यांची आहे. डिसेंबर १८७३ मध्ये त्यांचा विवाह झाला तेव्हा त्या वयाने लहान होत्या आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. रानडे यांच्या प्रथम पत्नीचे निधन त्याच वर्षी झाले होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानडे यांनी वडिलांच्या आग्रहापुढे नमून अल्पवयीन मुलीशी लग्न केले, याबद्दल तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. लग्नानंतर मात्र त्यांनी पत्नीला स्वतः शिकवण्यास आरंभ केला, प्रथम मराठी आणि नंतर इंग्रजी. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा या शिक्षणाला तीव्र विरोध होता. टोमणे, अबोला, कामाचा बोजा हे सारे सोसून रमाबाई शिकल्या. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' या त्यांच्या पुस्तकात हा काळ तपशिलाने आला आहे.

या आठवणींतून रानडे यांचा घरातील दिवस दिसतो. पहाटे जाग आली की तुकारामांचे अभंग म्हणणे, त्यात रंगून जाणे. मग टपाल, वर्तमानपत्रे आणि पुस्तके वाचून घेणे. कचेरीहून परतल्यावर भेटीला येणाऱ्यांशी चर्चा आणि पुन्हा वाचन. रमाबाई वाचू लागल्यावर वर्तमानपत्रे आणि पत्रे वाचून दाखवण्याचे काम त्यांच्याकडेही आले. रानडे यांच्या विद्वत्तेचा गौरव करताना या वाचनसेवेची नोंद क्वचितच घेतली जाते. घरातील एका स्त्रीने घरातल्याच विरोधाला तोंड देत मिळवलेली अक्षरओळख या कामाच्या उपयोगी पडली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. रमाबाईंनी पुढे स्वतःचे कार्यही उभे केले. पुण्यातील सेवासदनाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले.

आकडे कोठून येत

पुण्याची सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच 'सार्वजनिक काका', हे तिचे प्रमुख प्रवर्तक. रानडे पुण्यात आल्यानंतर सभेच्या कामाला अभ्यासाची बैठक मिळाली. ते सरकारी नोकर असल्याने त्यांना उघड पुढारीपण करता येत नसे. त्यांचा वाटा मुख्यतः विचारविनिमयाचा, मसुद्यांचा आणि लेखनाचा होता.

त्या काळी देशाच्या आर्थिक स्थितीविषयी माहिती मिळवण्याची साधने मोजकी होती. सरकारी खात्यांचे वार्षिक अहवाल, जमीनमोजणी आणि सारा आकारणीचे कागद, आयात-निर्यातीचे तक्ते, ब्रिटिश संसदेपुढे ठेवले जाणारे दस्तऐवज आणि १८७२ पासूनची जनगणना, एवढाच प्रमुख साठा. ही माहिती सरकारने सरकारच्या सोयीसाठी गोळा केलेली होती. रयतेची परिस्थिती ती पुरेशी सांगत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी सभेने स्वतः माहिती जमवण्याचा मार्ग पत्करला. भारताच्या अर्थव्यवहाराची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश संसदेने नेमलेल्या समितीपुढे मांडण्याकरिता सभेच्या उपसमितीने १८७३ मध्ये एक अहवाल तयार केला. जमिनीचा सारा, शेतकऱ्यांचे कर्ज, जंगल व अबकारी अशा विषयांवर स्थानिक जाणकारांकडून माहिती घेऊन ती सरकारी आकड्यांशी ताडून पाहण्याचा हा महाराष्ट्रातील आरंभीचा संघटित प्रयत्न होय.

ही पद्धत आज साधी वाटेल. पण सरकारचे म्हणणे सरकारच्याच तक्त्यांवरून तपासायचे आणि तक्ते जेथे गप्प आहेत तेथे तालुक्यातील माणसांकडून माहिती मागवायची, ही शिस्त तेव्हा नवी होती. केवळ तक्रारअर्ज पाठवण्याऐवजी आधार असलेले निवेदन पाठवण्याची प्रथा त्यातून पडली.

दुष्काळाची नोंद

या पद्धतीची कसोटी १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात लागली. दख्खनमध्ये पिके बुडाली, जनावरे मेली आणि माणसे मदतकामांवर लोटली. १८७७ च्या आरंभी मदतकामावरील मजुरांचे वेतन कमी करण्याचे धोरण सर रिचर्ड टेंपल यांनी पुढे रेटले. दिवसाला एक रतल धान्य पुरेल एवढ्या मजुरीचा हिशेब त्यामागे होता. मुंबई इलाख्यातील अनेक मजुरांनी ते काम सोडले. सार्वजनिक सभेने ठिकठिकाणच्या प्रतिनिधींकडून आलेल्या वार्ता एकत्र करून दुष्काळाची वृत्ते सरकारकडे पाठवण्याचा क्रम ठेवला होता. कोणत्या तालुक्यात पीक किती, धान्याची धारण काय, किती लोक कामावर, कोठे मृत्यू, अशा नोंदींमुळे सरकारी वृत्तांतासोबत दुसरा वृत्तांत उभा राहिला. आकडा हा येथे विद्वत्तेचा अलंकार राहिला नव्हता. एका मजुराला रोज किती धान्य मिळावे, हा प्रश्न त्यावर अवलंबून होता.

जुलै १८७८ पासून सभेचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. त्यातील लेखांचा मोठा भाग रानडे यांच्या लेखणीतून उतरला, परंतु त्यावर त्यांचे नाव नसे. सारा आकारणी, शेतकऱ्यांची कर्जे, चलन, व्यापार, स्थानिक स्वराज्य असे विषय त्यात येत. दिवसा निकालपत्रे लिहिणाऱ्या न्यायाधीशाचे हे दुसरे, निनावी काम होते.

उघडलेली पत्रे

या कामाची किंमत लवकरच मोजावी लागली. १८७८ मध्ये रानडे यांची बदली नाशिकला झाली. जन्मगावाच्या जिल्ह्यात ते आले ते अशा रीतीने, पुण्यापासून दूर ठेवले जाण्यासाठी. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडके यांच्या उठावाने सरकार हादरले. मे १८७९ मध्ये पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या. त्या सुमारास सुटीत पुण्यास असलेल्या रानडे यांना, सुटी संपण्याची वाट न पाहता, धुळ्याला रुजू होण्याचा हुकूम आला.

धुळ्यातील दिवसांचे वर्णन रमाबाईंनी केले आहे. येणारी पत्रे फोडलेली असत. बंडवाल्यांच्या नावाने लिहिलेली, चिथावणीखोर मजकुराची पत्रेही येऊ लागली. रानडे ती पत्रे जशीच्या तशी पोलिसांकडे धाडत. त्यांच्या निष्ठेची ती परीक्षा होती, हे नंतर उघड झाले. घरच्या टेबलावर देशाच्या दारिद्र्याचे तक्ते मांडणारा अधिकारी सरकारला बंडखोराइतकाच संशयास्पद वाटत होता, हे यावरून ध्यानात येते. पुढे संशय निवळला आणि रानडे यांची बढती होत गेली. मात्र त्यांनी लेखन सोडले नाही.

फिरतीवरचा अभ्यास

१८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत तो लागू होता. १८८७ पासून १८९३ पर्यंत रानडे या कायद्याखालील विशेष न्यायाधीश होते. गावोगावच्या न्यायालयांची तपासणी हे या पदाचे मुख्य काम. त्यामुळे वर्षातील बराच काळ फिरतीवर जाई. तंबू किंवा मुक्कामाचा बंगला हेच घर आणि तेथेच वाचन. शेतकऱ्यांची कर्जखते, गहाणवट, व्याजाचे दर, तडजोडी यांची प्रत्यक्ष कागदपत्रे त्यांच्या नजरेखालून गेली. शेतीला स्वस्त पतपुरवठा कसा करता येईल, यावरील त्यांच्या लेखनाला या अनुभवाचा आधार होता.

त्याआधी १८८६ मध्ये सरकारी खर्चाची छाननी करणाऱ्या समितीवर त्यांची नेमणूक झाली होती. त्या निमित्ताने कलकत्त्यास मुक्काम असताना ते बंगाली शिकले. हजामत चालू असताना बंगाली पुस्तक मोठ्याने वाचायचे आणि अडलेला शब्द न्हाव्यालाच विचारायचा, हा प्रसंग रमाबाईंनी विनोदाने सांगितला आहे. न्हावी हाच गुरू केल्याबद्दल त्यांनी पतीची थट्टा केली. पण रानडे यांच्या कामाची रीत या छोट्या प्रसंगात स्पष्ट दिसते. वेळ वेगळा काढण्याची वाट ते पाहत नसत, आणि ज्याला माहिती आहे त्याला विचारण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

जनगणना, कारखाने आणि पेशव्यांच्या रोजनिशा

रानडे यांचे निवडक अर्थविषयक लेख एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत ग्रंथरूपाने आले. त्यातील विषयांची यादीच त्यांच्या अभ्यासाचा आवाका सांगते. जनगणनेच्या आकडेवारीचा वीस वर्षांचा आढावा, परदेशी जाणाऱ्या भारतीय मजुरांची स्थिती, लोखंडाच्या उद्योगाचे आरंभीचे प्रयत्न, डच वसाहतीतील लागवडपद्धती, रशियातील भूदासांची मुक्तता, प्रशियातील जमीनविषयक कायदे असे लेख त्यात आहेत. दूरच्या देशांची माहिती जमवण्यामागे हेतू जवळचाच होता. तेथे राज्यसंस्थेने शेती व उद्योगासाठी काय केले आणि येथे काय केले नाही, याची ती तुलना होती. १८९२ मध्ये डेक्कन महाविद्यालयात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी इंग्लंडमधील अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना सारखे लागू पडत नाहीत, अशी मांडणी केली. भारताच्या दारिद्र्याचे मूळ शेतीवरील एकांगी अवलंबनात आहे आणि त्यावर उपाय औद्योगिकीकरण हा होय, असे त्यांचे मत होते. संपत्तीच्या बहिर्गमनावर भर देणारे दादाभाई नौरोजी आणि रानडे यांच्या विचारांत येथे फरक आहे.

दुसरा विषय इतिहासाचा. मराठी सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास पेशव्यांच्या रोजनिशांतून गणेश चिमणाजी वाड यांनी केलेल्या निवडींचा अभ्यास करून रानडे यांनी निबंध लिहिला. लढाया आणि राजांच्या कथांऐवजी वसूल, पगार, टांकसाळी, न्याय, कर्ज आणि जातपंचायती यांच्या नोंदींवरून राज्यकारभार समजून घेण्याचा तो प्रयत्न होता. दुष्काळाच्या तक्त्यांकडे पाहणारी नजरच येथे जुन्या दप्तरांकडे वळली होती. नोव्हेंबर १८९३ पासून ते उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. म्हणजे हे लेखनही न्यायदानाचे काम सांभाळूनच झाले.

शिष्यांची तालीम

रानडे यांच्या घरचे काम त्यांच्यापुरते राहिले नाही. सरकारी शाळांत अध्यापन करणारे गणेश व्यंकटेश जोशी हे त्यांचे निकटचे सहकारी. सरकारी आकडेवारीवर जोशी यांचे विलक्षण प्रभुत्व होते. सार्वजनिक काकांचे आणि त्यांचे नाव सारखे असल्याने अनेकदा गल्लत होते, दोघे वेगळे. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात गोपाळ कृष्ण गोखले हे तरुण शिक्षक रानडे यांच्याकडे येऊ लागले. अहवाल वाचणे, त्यांचा सारांश काढणे, आकडे पडताळणे आणि मसुदा पुन्हा लिहिणे, अशी तालीम त्यांना मिळाली. एवढ्या कष्टाने तयार केलेल्या निवेदनांना सरकार दोन ओळींचे उत्तर देते, तर हा खटाटोप कशाला, अशी शंका गोखले यांनी एकदा काढली. निवेदन सरकारच्या नावे असले तरी ते खरे लोकांसाठी असते, लोकांना या विषयांवर विचार करण्याची सवय लागावी म्हणून असते, अशा आशयाचे उत्तर रानडे यांनी दिले.

१८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या ताब्यात गेली आणि १८९६ मध्ये रानडे-गोखले यांनी डेक्कन सभा काढली. १८९७ मध्ये भारतीय खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे गोखले यांनी लंडनमध्ये साक्ष दिली. तिच्या तयारीत जोशी यांचे साहाय्य होते. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत रानडे यांचे निधन झाले. त्यानंतर चौदा महिन्यांनी, २६ मार्च १९०२ रोजी, गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. सरकारची शिल्लक ही सुबत्तेची खूण नसून जादा करांचे फळ आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून मांडले आणि मिठावरील कर घटवण्याची मागणी केली. १९०३ मध्ये हा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

मर्यादा

या कामाच्या मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. सभेला माहिती पुरवणारे बहुतेक शिक्षित, वरच्या जातींतील आणि तालुक्याच्या गावी राहणारे होते. शेतात राबणाऱ्यांचा आवाज त्यांच्यामार्फतच पुण्यास पोहोचे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्याच शेतकऱ्याचे दैन्य सरकारबरोबर भटशाहीवरही बोट ठेवून मांडले आहे. १८८५ च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण फुले यांनी नाकारले, तेही अशाच कारणाने : त्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या प्रश्नांना जागा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रानडे यांचे तक्ते वाचताना फुले यांचा हा आक्षेप समोर ठेवला, तर एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचे चित्र अधिक पूर्ण होते. ब्रिटिश राजवटीविषयी रानडे यांचा आशावादही पुढील पिढ्यांना पटला नाही.

मागे उरलेले

रानडे यांच्या नावाच्या संस्था आजही आहेत. निफाडमध्ये न्यायमूर्ती रानडे विद्याप्रसारक मंडळाचे वैनतेय विद्यालय आहे. पुण्यातील फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूट औद्योगिक व आर्थिक अभ्यासासाठी स्थापन झाली आणि पुढे तिच्या वास्तूत वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या घडल्या.

आज जनगणनेचे तक्ते, बाजारभाव आणि हवामानाच्या नोंदी घरबसल्या पडद्यावर येतात. निफाडच्या शेतकऱ्याला लासलगावचा भाव मोबाइलवर कळतो. रानडे यांच्या काळी एक तक्ता हाती येण्यास महिने लागत आणि तो वाचण्यास दुसऱ्याचे डोळे लागत. माहिती मिळणे तेव्हा अवघड होते, आता सोपे झाले आहे. मिळालेला आकडा कोणी, कशासाठी गोळा केला आणि त्यातून कोण वगळले गेले, हे विचारण्याचे कष्ट मात्र कमी झालेले नाहीत. निफाडच्या या सुपुत्राने नोकरी सांभाळून, अधू डोळ्यांनी आणि संशयाच्या छायेत हेच काम केले. त्यांच्या जीवनकार्यातील तो भाग जयंतीच्या भाषणांत फारसा येत नाही. पण तोच आज सर्वाधिक उपयोगी पडणारा आहे.